घशातलं केळं

पुष्पाबाईंचा हात कोपरापर्यंत गाईच्या जबड्यात होता, तेव्हाच कामिनी गोठ्याच्या दारात पोचली.

"अक्का, हात काढा. आधी हात बाहेर काढा!"

"केय अडकनं शे माय घशामा. बोटले लागस, पन हाती येत नही."

तापीकाठच्या या पट्ट्यात गुरांना टाकाऊ केळी चारतात. त्यामुळे जनावराने घास टाकला, लाळ गाळली, की केळे अडकल्याचे निदान ठरलेले असते, आणि निदानापाठोपाठ हात आत जातो. कामिनीने मात्र गाईचे लटपटणारे मागचे पाय पाहिले आणि तिचे घोगरे, तुटके हंबरणे ऐकले.

"हिला मागे काही चावलं होतं?"

"बागमा कोल्हा उनता. कानले ओरबाडं जराखं. ती जखम कवयच भरी गयी."

कामिनी दोन पावले मागे सरली.

"गाय पिसाळली आहे, अक्का. हात साबणानं धुवा, धूतच राहा. आणि ज्यांनी ज्यांनी हात घातला, त्या सगळ्यांना आजच सुया घ्याव्या लागतील. एकदा रोग उमटला की मग औषध नाही."

ओट्यावर बसलेले पुष्पाबाईंचे यजमान उखर्डूआबा हसले.

"सोमवारी हितेंद्र साहेबनी सोता हात घाला व्हता. त्या काय येडा व्हतात? तू ते कालनी पोर. उनी नही, तं भिवाडाले लागनी!"

हितेंद्र आणि कामिनी दोघेही सरकारी खर्चाने पशुवैद्य झाले होते. त्या उपकाराची फेड म्हणजे ग्रामीण दवाखान्यातली सक्तीची सेवा. हितेंद्रची सेवा सोमवारी संपली आणि त्याच्या खुर्चीवर कामिनी आली. गावाने त्याला शाल-श्रीफळ दिले. जाता जाता त्याने ही गाय तपासली, केळे अडकल्याचे सांगितले आणि तो धुळ्याला गेला. त्याच्या मुक्ततेच्या आदेशावर अजून सही व्हायची होती, आणि हुकलेल्या निदानाची चौकशी लागली तर ती सही अडणार होती. एवढ्या सार्वजनिक पैशाने घडवलेला हात गावाने प्रमाण मानला, यात गावाचे काय चुकले? साहेबांच्या मागोमाग घरातल्या सगळ्यांनी आपापले हात त्या घशात घालून पाहिले होते.

"त्यांनाच विचारू," कामिनी म्हणाली. तिने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा समोर धरला.

"हितेंद्र, मी पुष्पाअक्कांच्या गोठ्यात आहे. सगळे ऐकताहेत. ही गाय पिसाळलेली आहे. यांना सुया घ्यायला सांग."

पलीकडे बरीच माणसे असावीत. गलका होता, मूल रडत होते.

"राम राम आबा! अहो, केळंच आहे ते," हितेंद्रचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. "मॅडम नवीन आहेत, पुस्तकातलं सगळं त्यांना गोठ्यात दिसतं. चार दिवस सांभाळून घ्या त्यांना."

"सांग आते!" उखर्डूआबांनी मांडीवर थाप मारली.

तेवढ्यात फोनमधून एका बाईचा वैतागलेला आवाज आला, अगदी जवळून.

"कुत्रं चावलेले इकडे! दुसऱ्या सुईवाले आधी! ओ हितेंद्र भाऊ, फोन ठेवा, बाही वर करा."

फोन बंद झाला.

दुसरी सुई. ती पहिलीनंतर तिसऱ्या दिवशी देतात, आणि आज गुरुवार होता. म्हणजे पहिली त्याने सोमवारीच, गावातून गेल्या गेल्या घेतली होती. उखर्डूआबांचा हात मांडीवरच राहिला होता.

"साहेब कोठे उभा शेतस?" पुष्पाबाईंनी विचारले.

"दवाखान्यात, अक्का. सुईच्या रांगेत."

आबा उठले. गाडी आणायला म्हणून ते निघाले. पुष्पाबाईंनी हात धुतला, पुन्हा धुतला. मग पदराला पुसून त्यांनी कनवटीचा फोन काढला आणि कामिनीपुढे धरला.

"मनी पोर मयुरी काल सुरतले सासरी गयी. तिनी बी घाला व्हता हात. तिले तूच सांग, माय. मी सांगसू, तं ती म्हनी, साहेबनी घाला व्हता ना."