कांजीत बुडालेला गी

मित्रांनो, माझ्या बाह्या आज मनगटापर्यंत पोचत नाहीत, पण एके काळी त्या अगदी मापाच्या होत्या. मी एक जुना, आटलेला, पांढरा गी आहे. ब्राझिलियन जुजुत्सू नावाची एक कुस्ती असते. ती खेळताना घालायचा जाड सुती डगला आणि पायजमा म्हणजे गी. या खेळात एकमेकांच्या कपड्याला धरूनच लढायचे असते. म्हणून माझी वीण दाट आहे, काखेत तिहेरी शिलाई आहे आणि गळपट्टी बोटाएवढी जाड आहे. मला विणताना यंत्राने माझे धागे ताणून धरले होते. गरम पाणी लागले की सुती धागा तो ताण सोडतो आणि आखूड होतो. हा माझा स्वभाव आहे. तो मला बदलता येत नाही आणि कोणाला सांगताही येत नाही.

डहाणूला जयमाला मॅडम दिवसा शाळेत विज्ञान शिकवतात आणि संध्याकाळी मुलींना जुजुत्सू. त्यांच्या वर्गात मी इतर गींबरोबर एका खोक्यातून आलो. जवळच्या कैनाड गावची कविता तिच्या बाबांना, लाहूंना, घेऊन गी निवडायला आली होती.

"मोठाच द्या मॅडम," लाहू म्हणाले. "वाढतं अंग आहे. पुढल्या साली आखूड व्हायला नको."

"दादा, हा शाळेचा गणवेश नाही. कापड जितकं ढगळ, तितकं समोरच्या मुलीच्या मुठीत जास्त येतं. आणि तोकडाही चालत नाही. हात सरळ पुढे केल्यावर बाही मनगटाशी यायला हवी. स्पर्धेत मोजून बघतात."

कविताने आमच्यातले बरेच गी घालून पाहिले. एकात ती हरवून गेली. एकाचा पायजमा बसताच तटतटला. मग तिने मला अंगात घातले, हात पुढे केले आणि हसली. बाही बरोबर मनगटावर थांबली होती. मित्रांनो, कोणी आपल्याला निवडते, तेव्हा काय वाटते ते मला त्या दिवशी कळले.

"थंड पाण्यात धुवायचा आणि सावलीत वाळवायचा," मॅडमनी बजावले. कविताने ते मनापासून पाळले. सरावाहून घरी आली की ती मला स्वतः पंपावर नेई आणि स्वतःच वाळत घाली. मी तिच्या घामाचा झालो, तिच्या खांद्यांच्या आकाराचा झालो. मॅडम इतरांना सांगत, "गी कसा ठेवावा ते कविताकडून शिका."

मग तलासरीची स्पर्धा ठरली. तिथे जिंकणारी मुलगी राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. कविताचे या वयोगटातले हे शेवटचे वर्ष होते. आणि तिची आई, नवशी, पहिल्यांदाच तिचा खेळ बघायला येणार होती.

आदल्या दिवशी कविता शाळेत असताना नवशीने मला दांडीवरून काढले. दर पंधरा ऑगस्टला ती कविताच्या गणवेशाला तांदळाची कांजी करी. शाळेत त्याचे कौतुक होई. आता तर सगळ्या तालुक्यासमोर पोर उभी राहणार होती. तिने चुलीवर पातेले चढवले. शेजारची रखमी दारातून बघत होती.

"लगीन लावतेस का कुस्ती खेळवतेस गं पोरीला?"

"साहेब लोक येतील. माझी पोर मळकी नाय दिसली पाहिजे."

"मातीत लोळल्यावर तुझी इस्त्री कोण बघतंय!"

"माती नसते तिथं. गादी असते. तुला काय ठाऊक?"

असे म्हणून तिने मला वाफाळत्या कांजीत बुडवले. माझा धागा न् धागा आक्रसत गेला. ती माऊली मला काठीने हळूच ढवळत होती, कुठे डाग राहू नये म्हणून. मी ओरडू शकत नव्हतो. मग उन्हात वाळवून, निखारे भरलेल्या तांब्याने इस्त्री करून तिने माझी अशी घडी घातली, की मी पत्र्यासारखा उभा राहिलो.

कविता आली. माझ्यावरून हात फिरवताना तिची बोटे क्षणभर थांबली.

"घालून बघू?"

"नको गं, घडी मोडेल. आवडला का?"

"छान झालाय, आये," कविता म्हणाली.

तलासरीत गी तपासायला दक्षाबेन होत्या. कविताने मला अंगात घातले आणि हात पुढे केले. बाही मनगटाच्या बरीच मागे राहिली. दक्षाबेननी मापाची पट्टी लावली, मग माझी गळपट्टी वाकवून पाहिली. ती वाकेना.

"बेटा, हा नाय चालणार. बाही आखूड आहे आणि गळा लाकडासारखा. समोरच्या पोरीने पकडायचं कसं? दुसरा असेल तर घालून ये, लगेच."

मॅडमचा चेहरा उतरला. "परवा तर नीट होता. काय केलंस गं याचं?"

कविताने वर प्रेक्षकांत पाहिले. नवशी नवे लुगडे नेसून बसली होती आणि हात हलवत होती.

"माझ्याकडून गरम पाण्यात पडला, मॅडम."

"किती वेळा सांगितलं होतं! निदान तुझ्याकडून तरी..." मॅडम दुसरा गी शोधायला वळल्या.

मी तिच्या अंगावरच होतो. मला सगळे ठाऊक होते.

आमच्याच वर्गातली श्रुतिका नावाची थोराड मुलगी नुकतीच लढून आली होती. तिचा घामाने भिजलेला निळा गी कविताने घातला. मला खुर्चीवर टाकले, तिथून गादी दिसत होती. कविता चपळ होती, पण दर वेळी ती सुटू लागली की त्या ढगळ बाहीचा घोळ समोरच्या मुलीच्या मुठीत येई. शेवटपर्यंत ती मूठ सुटली नाही. पंचांनी दुसरीचा हात वर केला.

नवशी खाली आली. "डगला का बदलला गं?"

"दोघींचे पांढरे झाले असते ना, आये. ओळखू यावं म्हणून एकीला निळा देतात."

"अगं बाई! मग आधी सांगायचं. निळ्यालाही केली असती कांजी."

कविता हसली. मग माझ्यात तोंड खुपसून बराच वेळ घाम पुसत राहिली.

मित्रांनो, आता मी फक्त सरावाला असतो. मोठ्या वयोगटाची स्पर्धा जवळ आली आहे. तिच्यासाठी मॅडमनी एक निळा गी दिला आहे. कविताने तो घरी आणून माझ्यामागे लपवला होता. आईला खरे सांगायचे, तर मागचेही सांगावे लागेल, म्हणून ती गप्प आहे.

तुम्हाला एवढेच सांगणे आहे. एखाद्या वस्तूची काळजी घ्यायची असेल, तर ती कशाची आहे आणि तिला काय सोसते, हे आधी विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने आपल्या माणसापासून ते लपवू नये, वाईट वाटले तरी.

आज सकाळी कविता शाळेत गेल्यावर नवशीने मला बाजूला सारून तो निळा गी बाहेर काढला. चुलीवर पातेले ठेवले आहे. त्याच्या बाह्या अजून मनगटापर्यंत आहेत. कोणीतरी तिला सांगा.