आठवा फायदा

वर्ध्याकडच्या तळेगावच्या बाजारात प्रभाकररावांचं दुकान शोधायला पत्ता लागत नाही. ज्या पायरीवर पिवळी पावलं उमटलेली दिसतील ते त्यांचं. पुढे किराणा, मागे मसाल्याची चक्की, आणि सुगीचे दोन-तीन महिने त्या चक्कीत नुसती हळद. त्या दिवसांत घरातल्या उशा पिवळ्या, टॉवेल पिवळे, मांजरही पाठीवरून पिवळं. शकुंतलाबाई पस्तीस वर्षं हे पिवळं धूत आल्या होत्या. आता त्याचा राग यायलाही अंगात दम उरला नव्हता.

गल्ल्याच्या वर पाटी होती, 'हळदीचे एकवीस फायदे'. पहिले आठ प्रभाकररावांना मोबाइलवर आले होते, शेवटचे दहा भाच्याने पाठवले आणि मधले तीन त्यांनी स्वतःच्या मनाने घातले, कारण पाटीवर मध्ये जागा शिल्लक होती. शकुंतलाबाईंना हे ठाऊक होतं. कोण काय बोलतं आणि त्यातलं खरं किती, याची नोंद त्यांच्या डोक्यात आपोआप होत असे. पण गिऱ्हाइकासमोर नवऱ्याचा शब्द त्यांनी कधी खोडला नव्हता.

सर्दी झाली? तिसरा फायदा. झोप लागत नाही? तेरावा. एका म्हातारीने सून बोलत नाही म्हणून गाऱ्हाणं केलं, तेव्हाही प्रभाकररावांची नजर सवयीने पाटीवर गेली होती.

लोकांना सांगायचं तर आपणही घ्यायला पाहिजे, म्हणून दिवसातून तीनदा हळद-मिरीचा काढा. त्यात पुण्याहून अंकितने, म्हणजे मुलाने, हळदीच्या अर्काच्या गोळ्या पाठवल्या. बाटलीवर रोज एक लिहिलं होतं. प्रभाकरराव चार घेत.

"लिहिनाऱ्याले काय मालूम? आपून हळदीतले मानसं," ते म्हणत.

होळी झाली आणि ते बसू लागले. आधी स्टुलावर, मग चण्याच्या पोत्यावर, मग भिंतीला टेकून. जेवण अर्ध्यावर आलं. "थकवा हाय, सतरावा," असं स्वतःलाच सांगून त्यांनी काढ्याचा चौथा पेला सुरू केला. शकुंतलाबाईंनी त्याचं फार मनावर घेतलं नाही. सुगीत त्या घरात न थकलेलं होतं कोण? मांजरसुद्धा दुपारभर हलत नसे.

मग चक्कीची मोटर जळाली. चक्की चालवणारा तानबा ती वाइंडिंगला वर्ध्याला टाकून आला आणि चार दिवस घरात धूळ उडाली नाही. दुसऱ्या दिवशी तानबाच्या भुवया काळ्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी शकुंतलाबाईंना आपले तळवे दिसले, भेगांसकट. चौथ्या दिवशी जेवताना भाकरी घ्यायला नवरा-बायकोचे हात एकदमच टोपलीत गेले. एक हात गव्हाळ होता, एक पिवळा.

शकुंतलाबाईंनी तो पिवळा हात धरला, तसाच न्हाणीत नेला आणि साबणाने घासला.

"काय करून राह्यली? सालटं काढतं काय?"

"अजी, माहा हात पाहा. तानबाचा पाहा. तुमचाच काऊन असा?"

"जुनी हळद हाय. मुरली असन."

शकुंतलाबाईंनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डोळ्यांचं पांढरं लिंबाच्या सालीसारखं झालं होतं.

"डोयात कोनती हळद मुरते जी?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं आर्वीला डॉक्टरांकडे गेले. खोलीचं दार उघडंच होतं आणि बाहेरच्या बाकावर तळेगावच्याच मीराबाई गुडघे चोळत बसल्या होत्या. दर महिन्याला काढ्याची हळद नेणारं पक्कं गिऱ्हाईक. डॉक्टरांनी डोळे पाहिले, पोट दाबलं.

"कावीळ आहे. दारू घेता का?"

"नाई जी. तंबाकूचा खर्राही नाई."

"काही औषधं? झाडपाला, गोळ्या?"

"काईच नाई साहेब."

प्रभाकरराव खोटं बोलत नव्हते. हळद म्हणजे औषध हे त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं. हळद म्हणजे हळद. शकुंतलाबाईंनी दाराकडे पाहिलं. मीराबाईंचं गुडघे चोळणं थांबलं होतं. इथे बोललं तर संध्याकाळपर्यंत बाजारभर होणार. नाही बोललं तर डॉक्टर दुसरंच काही शोधत बसतील आणि हे घरी जाऊन पुन्हा पेला भरतील.

"हळद पेतात ते, साहेब," त्या म्हणाल्या. "मिरी टाकून. अर्ध्या किलोचा डबा महिन्यात संपते, दिवायीपासून पाच डबे झाले. अन् वरून ह्या, दिवसाले चार." पिशवीतून काढलेली बाटली त्यांनी टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी बाटली फिरवून वाचली. "भाजीतली हळद खुशाल खा. पण एवढा अर्क, त्यात मिरी, महिनोन्‌महिने... काही जणांच्या लिव्हरला हे सोसत नाही. आजपासून सगळं बंद. रक्त तपासू, दुसरं कारण नाही ना तेही बघू."

परतताना एसटीत प्रभाकररावांनी निम्म्या वाटेवर विचारलं.

"चार लोकात काऊन सांगतलं?"

"घरी सांगतलं असतं तं तुमी पाटी वाचून दाखवली असती."

तपासण्यांत दुसरं काही निघालं नाही. काढा सुटला, गोळ्या सुटल्या आणि दीड महिन्याने डोळे पांढरे झाले. प्रभाकरराव पुन्हा गल्ल्यावर आले, पण निम्मे होऊन. पहिल्याच सकाळी मीराबाई हजर.

"काकाजी, थेच काढ्याची हळद द्या. अर्धा किलो."

"आयकलं ना तुमी तिथं, डॉक्टर काय बोलले ते?"

"डॉक्टर तं बोलतेच. म्या सारं ध्यानात ठेवलं हाय. तुमची मोटर जळाली, चक्की बंद पडली, चार दिवस अंगाले हळद लागली नाई, अन् तवाच तुमी पडले!"

शकुंतलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी हीच गोष्ट त्यांनी स्वतः रंगवून सांगितली असती आणि वर बाविसावा फायदा काढला असता.

प्रभाकररावांनी छटाकभर हळद पुडीत बांधली. "भाजीत टाकजो, माय. काढ्याले मी देत नाई. त्यानंच मले पाडलं."

"चांगला माल लपवून ठेवते घरच्यासाठी," मीराबाई पुटपुटल्या आणि पुडी तिथेच ठेवून समोरच्या दुकानाकडे लंगडत गेल्या.

प्रभाकररावांनी पाटीकडे पाहिलं. आठव्या नंबरावर लिहिलं होतं, 'यकृत बळकट करते.' त्यांना स्टुलावर चढवेना, म्हणून शकुंतलाबाई फडकं घेऊन चढल्या. रंग ऑइलपेंटचा, जागचा हलेना. शेवटी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथे टांगलं. आठवा झाकला, पण त्याखालचे तीनही गेले.

"ते तिघं बिचारे काऊन झाकले?" प्रभाकररावांनी विचारलं.

"राहू द्या," त्या कमरेवर हात ठेवून उतरत म्हणाल्या. "ते तुमीच घातलेले होते."