माझ्या तुटक्या तारेचं दुसरं टोक

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. काळाकुट्ट, जाडजूड, आणि वजनाला असा की मला उचलून पळायचं कुठल्याही चोराच्या मनात येऊ नये. माझ्या पोटावर आकड्यांची गोल तबकडी आहे आणि डोक्यावर रिसीव्हर. मागून एक लांबच लांब तार निघते, पण ती कुठेच जात नाही, कारण तिचं टोक कापलेलं आहे. थोडक्यात, मी मुका आहे. तरीही सांगतो, माझ्याइतका नशीबवान फोन तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलाशी बसून बायका आमची जोडणी करायच्या. टेबलाच्या शेवटी एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्या प्रत्येक फोन कानाला लावून 'हॅलो' म्हणायच्या आणि पलीकडून उत्तर आलं की मान डोलवून त्याला खोक्यात ठेवायच्या. मी ऐकलेला पहिला शब्द तोच. उत्तर येईपर्यंत त्या किती शांत बसायच्या, हे मात्र मला फार उशिरा आठवलं.

तिथून मी एका लाकडाच्या वखारीत गेलो. वखारीचे मालक फोनवर असे ओरडायचे की समोरच्याला तारेशिवायही ऐकू गेलं असतं. मला घेऊन ते टेबलापासून थेट फाटकापर्यंत फिरायचे, म्हणून माझी तार मुद्दाम एवढी लांब लावून घेतली होती. तिथे माझी चैन होती. माझी घंटा वाजली की करवत थांबायची, माणसं थांबायची, मालक धावत यायचे. मालकीणबाई रोज मला मऊ फडक्यानं पुसायच्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग खिशात मावणारे फोन आले आणि माझं दुकान बसलं. वखारीला रंग देताना रंगाऱ्यानं माझी तार आड येते म्हणून कापून टाकली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवू लागले, आणि कागदही संपले तेव्हा मी भंगाराच्या दुकानात, एका फुटक्या बादलीशेजारी जाऊन पडलो. माणसाचं काय नि फोनचं काय, कुणी विचारीनासं झालं की आतून गंज चढतो.

मला तिथून उचललं ते एका बाईंनी. त्यांचं सगळं आयुष्य एका मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षात गेलं होतं. आता कपड्यांच्या लाँड्रीच्या वरची खोली भाड्यानं घेऊन त्या मुलींचा वर्ग चालवत होत्या. सगळ्या मुली त्यांना ताई म्हणायच्या. मुली शिकलेल्या होत्या, कुणी बारावी, कुणी पदवीधर, पण नोकरीच्या मुलाखतीला गेल्या की त्यांची पाचावर धारण बसायची. ताई त्यांना पुस्तकात नसलेलं शिकवायच्या. दार वाजवून आत कसं यावं, खुर्चीत अंग चोरून का बसू नये, 'मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का' हे न लाजता कसं म्हणावं, एखाद्या गोष्टीला भांडण न करता नाही कसं म्हणावं. खालून इस्त्रीची ऊब आणि साबणाचा वास यायचा आणि वर मुली एकमेकींना 'नमस्कार, मी आपल्याला काय मदत करू?' असं विचारत हसत सुटायच्या.

फोनवर बोलायच्या सरावासाठी मी. ताईंची युक्ती सोपी होती. फोनमध्ये कुणी नाही, मग घाबरायचं कुणाला? रिसीव्हर उचलायचा, वाक्य म्हणायचं, समोरचा बोलला असं धरून एक श्वास घ्यायचा आणि पुढचं वाक्य म्हणायचं. भल्याभल्या लाजाळू मुली माझ्यापुढे घडाघडा बोलायला लागल्या. ताई कौतुकानं माझ्यावर हात फिरवून म्हणायच्या, की हा मुका आहे खरा, पण यानं कितीजणींना बोलतं केलंय. मी पुन्हा मालकीणबाईंच्या वेळेसारखा चमकू लागलो.

आणि मग एक दिवस मुंगी आली.

तिचं खरं नाव मला कळलंच नाही. आवाज मुंगीएवढा म्हणून मुलींनी पहिल्याच दिवशी तिला मुंगी केलं, आणि तिनंही तक्रार केली नाही, कारण तक्रार करायला आवाज लागतो. तिला वर्गात घेऊन आली होती तिची वहिनी. आईवडील गेल्यावर मुंगीला दादा-वहिनींनीच वाढवलं होतं. दादा सामान पोचवायची गाडी चालवायचा आणि दिवसभराच्या ट्रॅफिकनं असा पिळून निघायचा की घरी आल्यावर दोन शब्दही त्याला जड व्हायचे. माणूस वाईट नव्हता. पण त्यानं ठरवून टाकलं होतं. वर्ग संपेपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर मुंगीनं दूरच्या गावी मामाकडे जायचं आणि त्याची मुलं सांभाळायची. मामाशी तसं बोलणंही झालं होतं. वहिनीनं ताईंना हे हळू आवाजात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "एकदा गेली की परत येत नाही ती. तिकडेच राबत राहील. काहीतरी करा, ताई."

मुंगीनं पहिल्यांदा माझा रिसीव्हर उचलला तो दोन्ही हातांनी धरून. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. ताईंनी घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी 'नमस्कार'मधला 'न' ऐकू आला. मग हळूहळू अख्खा नमस्कार आला. पुढे ती सगळ्यांच्या आधी येऊन माझ्यासमोर बसायची आणि खालच्या लाँड्रीवाल्यांना वर बघावं लागेल एवढ्या खणखणीत आवाजात वाक्यं म्हणायची. वाक्य, श्वास, वाक्य, श्वास. वर्ग संपत आला तोवर तिच्यासारखं बोलणारी दुसरी कुणी नव्हती. माझा तर ऊर भरून यायचा.

तेवढ्यात डोळ्यांच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये जागा निघाली. पेशंटचे फोन घ्यायचे, त्यांना वेळ द्यायची, असं काम होतं, आणि ताईंनी मुंगीचं नाव दिलं. तिथल्या मुख्य बाई आधी फोनवरच परीक्षा घेणार होत्या. त्या स्वतःच पेशंट होणार आणि मुलीनं त्यांच्याशी बोलायचं. ठरल्या वेळी ताईंचा मोबाइल माझ्याशेजारी टेबलावर ठेवला गेला, स्पीकर चालू केला, आणि सगळ्या मुली भिंतीला टेकून श्वास रोखून उभ्या राहिल्या.

मुंगीनं काय सुरेख सुरुवात केली! पलीकडून म्हातारीचा आवाज काढून बाई म्हणाल्या, "ऑपरेशनची तारीख दिलीय मला. पण मला जरा..."

मुंगीनं श्वास घेतला. पुढचं वाक्य आलंच. "धन्यवाद, आजी. तुमची तारीख नक्की करते. येताना घरचं एक माणूस सोबत आणायचं, जुने कागद आणायचे..."

"हो, ते आणेन. पण बाळा, मला..."

"अजून काही मदत करू शकते का? नाही? हॉस्पिटलला फोन केल्याबद्दल आभारी आहोत."

मुली आनंदानं टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. तेव्हा पलीकडचा आवाज बदलला. म्हातारी गेली आणि मुख्य बाई शांतपणे म्हणाल्या, "बोलणं फार छान आहे तुझं. पण मला काय सांगायचं होतं, ते ऐकायचं राहूनच गेलं की गं."

मुलींचे हात खाली आले. मुंगीचा चेहरा पांढराफटक पडला. ती पिशवी उचलून जिन्यावर जाऊन बसली, आणि तिला न्यायला आलेल्या वहिनीला तिनं एवढंच सांगितलं, की मामाला कळवून टाका.

ताई मात्र खुर्चीतच बसून राहिल्या. त्यांची नजर माझ्यावर खिळली होती. मग त्या पुढे आल्या, माझा रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि बराच वेळ तशाच थांबल्या. आत काहीच नव्हतं. नोकरी लागलेल्या मुलींबद्दल मागे एक-दोन ठिकाणांहून त्यांना ऐकायला आलं होतं, की मुली गोड बोलतात पण थांबत नाहीत. तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. आज त्यांना उलगडा झाला. जो फोन कधी उत्तरच देत नाही, त्याच्यापुढे सराव केलेल्या मुलींना उत्तराची वाट बघायची सवय लागणार कशी?

मित्रांनो, मला वाटलं, चला, पुन्हा बादलीशेजारी.

पण ताई माझ्यावर चिडल्या नाहीत. त्यांनी माझी तार हातात घेतली, ती उलगडत खोलीच्या कोपऱ्यातल्या कपाटामागे नेली आणि मुंगीला न्यायला आलेल्या वहिनीलाच तिथे स्टुलावर बसवलं. नियम असा केला, की कपाटामागचं माणूस बोलेल आणि बोलणं खरोखर संपलं की तार ओढेल. इकडे मुलीनं एक हात माझ्या पाठीवर ठेवायचा. मी हललो की तिची पाळी. तोपर्यंत तोंड बंद. मग मुंगीला जिन्यावरून हाताला धरून आणलं.

वहिनीनं तर कमाल केली. ती कधी बहिरी आजी झाली, कधी हुज्जत घालणारे काका झाली, कधी सगळं सांगून मूळ मुद्दा विसरणारी मावशी. मुली पोट धरून हसल्या. पहिल्या दिवशी मुंगी इतक्या वेळा मधे बोलली की वहिनी कपाटामागून वाकून म्हणाली, "अगं, ओढली का मी तार?" रंगाऱ्यानं तोडल्यापासून माझ्या तारेतून काही गेलं नव्हतं. आता तिच्यातून एक हिसका यायचा, मी टेबलावर जागचा सरकायचो, आणि एका माणसाचं दुसऱ्याला कळायचं. मला यापेक्षा जास्त काय हवं होतं?

ताईंनी हॉस्पिटलच्या बाईंना पुन्हा एकदा संधी द्यायची विनंती केली होती आणि त्यांनी ती मोठ्या मनानं मान्य केली होती. दादानंही वहिनीच्या शब्दाखातर मामाकडचं जाणं आठवडाभर पुढे ढकललं होतं. त्याच आठवड्यातली ही गोष्ट. त्या दुपारी वहिनी म्हातारी होऊन बोलत होती. डोळ्यांनी दिसत नाही, पायरी चुकते, असं म्हणता म्हणता ती थांबली. तार हलली नाही. मुंगीचा हात माझ्या पाठीवर होता. ती थांबली. बराच वेळ गेला.

मग कपाटामागून वहिनीचा स्वतःचा आवाज आला. "दिवसभर सगळ्यांचं करते हो मी. पण संध्याकाळी कुणी विचारत नाही, तुझं कसं काय म्हणून. तुम्ही थांबून ऐकलंत, बरं वाटलं."

मुली हसल्या. त्यांना वाटलं, वहिनी आज भलतीच रंगात आली आहे. मुंगी हसली नाही. मला हळूच हिसका बसला, तरीही ती लगेच बोलली नाही. उठून कपाटामागे गेली. दोघी तिथे काय बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मोबाइल पुन्हा माझ्याशेजारी आला. मुंगीनं आपणहून एक हात माझ्या पाठीवर ठेवला. पलीकडून तीच म्हातारी बोलू लागली. तारीख मिळाली, कागद सापडत नाहीत, मुलगा कामात असतो. आणि मग म्हणाली, "पण मला जरा..." आणि गप्प झाली.

मुंगी थांबली. तिची बोटं माझ्या पाठीवर घट्ट दाबली गेली. कपाटामागे आज कुणी नव्हतं, वहिनी दाराशी उभी होती. शांतता इतकी लांबली की फोन कट झाला की काय, असं वाटून एक मुलगी पुढे झुकली. ताईंनी तिला नजरेनंच थांबवलं.

"मी ऐकतेय, आजी," मुंगी म्हणाली. "सावकाश सांगा."

"मला भीती वाटते गं," पलीकडून आवाज आला. "डोळा उघडला आणि काहीच दिसलं नाही तर? घरात कुणाला सांगायची सोय नाही."

मुंगीनं पाठ केलेलं एकही वाक्य म्हटलं नाही. भीती वाटणारच, म्हणाली. ऑपरेशनच्या आधी तुमची डॉक्टरांशी भेट ठरवून देते, जे मनात असेल ते त्यांना विचारा, आणि त्या दिवशी आल्यावर आधी खिडकीशी माझ्याकडे या, मी असेन.

पलीकडचा आवाज पुन्हा बदलला. मग मुख्य बाई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मला हेच सांगायचं होतं. सोमवारपासून ये."

वहिनीनं दाराशूनच दादाला फोन लावला. मुलींनी मुंगीला उचलून घेतलं, आणि त्या गोंधळात मी टेबलावरून पडता पडता वाचलो. दादा दुसऱ्या दिवशी खास वर आला. दारातच उभा राहून ताईंना काहीतरी म्हणायला गेला, पण त्याला शब्द सापडेनात. ताईंनी वाट बघितली. मग तो म्हणाला, "माझं चुकणार होतं," आणि गाडीकडे पळाला.

अजूनही मी त्याच खोलीत आहे. माझी तार कपाटामागे जाते आणि तिच्या टोकाला नेहमी कुणीतरी असतं. वखारीचे मालक, तार तोडणारा रंगारी, भंगारवाला, ताई, मुंगी, वहिनी, मी सगळ्यांचा ऋणी आहे. रंगाऱ्याचासुद्धा, कारण त्यानं तार तोडली नसती तर मी ताईंच्या हाती लागलो नसतो. तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल. तिला टाकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. आणि घरातलं एखादं माणूस बोलता बोलता थांबलं, तर लगेच तोंड उघडू नका. त्याची तार हलू द्या.

मध्यंतरी सुट्टीच्या दिवशी मुंगी आली होती. आता तिला त्या नावानं हाक मारायला जीभ रेटत नाही, पण दुसऱ्या नावानं हाक मारली तर ती स्वतःच रागावते. वहिनी ताईंशी गप्पा मारत होती. मुंगी माझ्यासमोर बसली, रिसीव्हर कानाला लावला आणि गप्प राहिली. मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझ्यात बोलणारे किती आले, त्याची गणती नाही. पण माझं ऐकायला बसलेली ती पहिलीच. म्हणून ही सगळी हकीकत मी तिला पहिल्यापासून सांगायला घेतली, त्या चष्मेवाल्या बाईंच्या 'हॅलो'पासून.

एक नवी मुलगी कुतूहलानं जवळ आली आणि विचारू लागली, की हा फोन तर बंद आहे ना, मग तुम्ही इतका वेळ काय करताय?

मुंगीनं ओठांवर बोट ठेवलं. तिचा दुसरा हात माझ्या पाठीवर होता.

"थांब," ती म्हणाली. "त्याचं अजून संपलं नाहीये."