खाडीच्या बांधाची मुकादम

मला कोणी शिकवायला आलं की माझं टाळकं सटकतं. पनवेलच्या एका संस्थेच्या प्रांजल मॅडम पहिल्यांदा आमच्या ओटीवर आल्या तेव्हा मी सरळ बोललो, "बाय, माझी चौथी झालीय आणि साठी पण झालीय. आता मला काय शिकवणार?"

त्या हसल्या. "शिकवायला नाही आले, दाजीकाका. तुम्हाला मास्तर म्हणून न्यायला आलेय."

घ्या! जन्मभर चिखल तुडवला त्याला मास्तर करायला निघाले.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून. खारं पाणी शेतात, घरात येऊ नये म्हणून बापजाद्यांनी मातीचा बांध घातला. आमच्या वेळेला घरटी एक माणूस बांधावर जायचाच. कुठं खांड पडली, म्हणजे पाण्यानं बांध फोडला, की लग्नाच्या पंगतीतून उठून माणसं धावायची. मंग जमिनी गेल्या, पोरं जासईच्या कंटेनर यार्डात लागली. माझा प्रणित पण तिथंच. बांधाकडे बघायला कोणाला टाइम नाय, आणि खाडी तर दर साली वर चढतेय. माझ्या बापाच्या टायमाची उधाणाची खूण होती, तिच्यावर आता वीतभर पाणी येतं. मॅडम त्याला हवामान बदल बोलतात, मी खाडीचा माज बोलतो. काय बोलायचं ते बोला, तीन वर्षांत दोनदा आमच्या चुलीत खारं पाणी शिरलं.

तर असल्या हवामानात उपयोगी पडतील अशी माणसं तयार करायचा तीन महिन्यांचा कोर्स पनवेलात निघाला. त्यातला बांध शिकवायचा मी. गळ्यात फोटोवालं कार्ड, त्यावर 'धर्मराज घरत, तज्ज्ञ मार्गदर्शक'. ते कार्ड घालून मी एका हळदीला पण जाऊन आलो, खोटं कशाला बोलू?

पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर समोर कोण? माझी सून भाविका!

"तू गं इथं काय करते?"

"नाव घातलंय, मामा."

घरात चकार शब्द नाय आणि इथं वही उघडून तयार. कोर्सच्या शेवटी एकच जागा होती, बांध-मुकादमाची. पगारी काम, सात गावांचे बांध सांभाळायचे. तिला ती जागा हवी होती. गावात बातमी फुटली तशी नाक्यावरची माणसं मला चिडवायला लागली, "दाजी, सून बांध घालणार, मंग तुमी भाकऱ्या थापा!" मी घरी येऊन तिच्यावर तणतणलो. ती रोज सकाळी डबा भरून माझ्याआधी वर्गात हजर.

पण शिकायची मात्र! एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा विचारणं नाय. चिखल कुठला काढायचा, पेंढा किती घालायचा, चिखल घट्ट बसवायला पाय कसा मारायचा, सगळं टिपून घ्यायची. कुवेतला क्रेन चालवून परत आलेला मोरा गावचा फुजैल तिच्याच तुकडीत. तो बोलायचा, "दाजी, तुमची सून उस्ताद हाय, माशाल्ला!" मी वरून 'हूं' करायचो, पण आत बरं वाटायचं.

परीक्षा होती खऱ्या खांडीवर. पावसाळ्यात आमच्याच बांधाला आठ हात खांड पडलेली. माघात भांगाचे दिवस धरले, म्हणजे भरतीचा जोर कमी असतो ते. एका ओहोटीत खांड बुजवायची. राहिली अर्धी, तर भरती येऊन सगळा ओला चिखल धुऊन नेणार. मुकादम भाविका, हाताखाली वीस जणं. बुजली तर जागा तिची, नाय तर नाय. त्यात पन्नास मार्क माझ्या हातात. बघायला कोर्सचे साहेब आलेले, अख्खा गाव बांधावर.

आता भरतीची वेळ काढायची आमची रीत सोपी. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पाणी पूर्ण भरतं. मी बोटांवर मोजलं. माघी गणपती आमच्या घरी चौथीला आले, त्याला तीन दिवस झाले, म्हणजे सप्तमी. साताची पाऊणपट सव्वापाच. मी साहेबांसमोर छाती काढून बोललो, "सव्वापाचला भरती. तीनपर्यंत पाणी खांडीला शिवत नाय. साडेबाराला तासभर जेवून घ्या निवांत."

भाविकानं पदर खोचला आणि हळूच बोलली, "मामा, आज षष्ठीच हाय. यंदा षष्ठी दोन दिवस आलीय. साडेचारला भरणार. मोबाइलवर पण तेच दाखवतंय."

बांधावर कोणीतरी फिसकन् हसला. माझं टाळकं सटकलं!

"चाळीस वर्सं खाडीत काढली मी! मला तिथी शिकवते? मोबाइल काय खाडीत उतरलाय कधी?"

सासऱ्याला चारचौघांत उलट बोलायची आमच्यात रीत नाय. ती वळली आणि तुकडीला खणखणीत आवाजात बोलली, "जेवण मागाहून. कोणी चिखलाबाहेर यायचं नाय. हातोहात चिखल द्या, साखळी धरा!"

मी माझा डबा उचलला आणि बांधावर खांडीकडे पाठ करून बसलो. मनात बोललो, आज पडशील तोंडावर, मंग कळेल. देवाशपथ, असं बोललो. माझ्याच घरच्या लेकीबद्दल.

सव्वादोन वाजले. सहज मान वळवली तर खांडीच्या तोंडाशी रोवलेल्या खुणेच्या काठीला पाणी लागलेलं. तीन वाजता लागायचं ते पाणी! काठीकडे बघितलं, पुन्हा बघितलं, बोटांवर पुन्हा मोजलं. गणपतीपासूनचे मी नुसते दिवस मोजले होते, तिथी नाय; पंचांग उघडायचा आळस केला. अरे देवा! यांनी माझं ऐकून तासभर जेवण केलं असतं तर?

खांड अजून दीड हात उघडी होती. भाविका कंबरभर चिखलात. ओरडून आवाज बसलेला, तरी एकेकाचं नाव घेत होती, "फुजैल, पेंढा! शाजिया, डावीकडे दाब!" कोणाचा हात थांबत नव्हता. असली साखळी मी माझ्या जवानीत पण बघितली नाय. माझी छाती भरून आली आणि लाज पण वाटली, दोन्ही एकदम.

धोतर वर खोचलं आणि उतरलो पाण्यात. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "मुकादम, मी कुठं उभा राहू?"

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. "शेवटाला, मामा. पाय मारायला."

मारले! ढोपरं बोंब मारत होती तरी मारले. पावणेतीनला खांड बंद झाली. साडेचारला पाणी बांधाला भिडलं, वर चढलं, थांबलं. आतल्या बाजूला टिपूस नाय. फुजैलनं 'अल्ला'चं नाव घेतलं, बाकीच्यांनी 'एकवीरा आई'चं, आणि अख्ख्या बांधावर शिट्ट्या.

साहेबांनी वही उघडली. "वेळेचा अंदाज कोणाचा होता?"

भाविका पटकन बोलली, "मामांचा. रीत त्यांचीच हाय."

"खोटं बोलते!" मी सगळ्या गावासमोर ओरडलो. "रीत माझी, पण हिशोब मी चुकलो. हिनं माझं ऐकलं नाय म्हणून हा बांध उभा हाय. लिहा! पन्नासपैकी पन्नास!"

"पैकीच्या पैकी देत नसतात, काका."

"मंग माझ्या पगारातले कापा आणि तिला द्या!"

सगळे हसले. भाविकानं चिखलाच्या हातानंच डोळे पुसले आणि तोंडभर चिखल करून घेतला. नाक्यावरची तीच माणसं मंग तिला चहा पाजायला पुढं आली. बघून घ्या रे, मी बोललो, नीट बघून घ्या.

जागा तिला मिळाली. पुढच्या तुकडीला बांध तीच शिकवते. त्या तुकडीत मी पण नाव घातलंय, मोबाइलवरची भरती बघायला शिकायचंय मला. पहिल्या दिवशी ती हजेरी घ्यायला उभी राहिली. सतरा नावं झाली आणि अठराव्याला अडली. सासऱ्याचं नाव सून घेत नाय ना आमच्यात! वर्ग तिच्याकडे बघतोय, ती जमिनीकडे.

मी मागच्या बाकावरून ओरडलो, "घे नाव! इथं मास्तर तू हायस!"

तिनं मान वर केली. "धर्मराज घरत."

मी ताठ उभा राहिलो. "हजर, मॅडम."