वरचे सूर मला येत नाहीत

मी गिटारचा स्पीकर बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलत आलो, त्यामुळे स्वतःविषयी बोलताना जरा अडखळायला होतं. सांभाळून घ्या.

माझा जन्म कागदाच्या लगद्यातून झाला. ओला लगदा साच्यावर पसरला, वाळला आणि त्याचा पसरट, हलका शंकू झाला. कारखान्यातल्या एका बाईंनी माझ्या मध्यभागी तांब्याच्या तारेचं वेटोळं चिकटवलं. चिकटवताना त्या श्वास रोखून धरत आणि काम झालं की डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. ते शब्द मला कळले नाहीत, पण माझ्या कागदात ते कुठेतरी मुरले असावेत, असं मला अजूनही वाटतं.

मग माझी तपासणी झाली. खालचे सूर मी म्हटले, मधले तर आनंदानं म्हटले. वरचे, अगदी बारीक, चांदीच्या तारेसारखे सूर आले आणि माझा गळा बसला. मी घाबरलो. तपासणारा मात्र सहज म्हणाला, "गिटारचा स्पीकर असाच असतो. पुढचा घ्या." देवानं आपल्या पदरात एवढंच घातलं, असं म्हणून मीही पुढं सरकलो.

माझं पहिलं घर म्हणजे एका संगीतवर्गातला मोठा अँप्लिफायर. त्याच्या पोटात काचेच्या नळ्या मंद पेटायच्या, समईतल्या ज्योतींसारख्या. किती वर्षं गेली, कोण जाणे. एके दिवशी त्या विझल्या त्या विझल्याच. मला सोडवून दुरुस्तीवाल्या काकांच्या फळीवर ठेवलं.

तिथं मी पडून होतो. माझ्या लोहचुंबकाला त्यांचे हरवलेले स्क्रू चिकटत आणि काका दुकानभर शोधत फिरत. रस्त्यावरून जड गाडी गेली की माझा कागद आपोआप थरथरायचा. दुपारी उन्हाची तिरीप आत यायची, धुळीचे कण तिच्यात तरंगायचे, आणि मला वाटायचं, हे सगळे न वाजलेले सूरच आहेत, बसायला जागा शोधताहेत.

अशाच एका दुपारी एक बाई आल्या. टपाल कचेरीत काम करायच्या. त्यांनी पिशवीतून पुस्तकाएवढा चपटा डबा काढला.

"काका, हा मॉडेलर. ह्यात शंभर अँप्लिफायरचे आवाज भरलेत म्हणे. पण बाहेर एकही येत नाही."

"मग वाजवता कशावर?"

"हेडफोनवर. आधी घर लहान म्हणून, मग सवय म्हणून. रोज अर्धा तास वाजवायचं, हा माझा नेम आहे. सासरे रोज समोर येऊन बसतात. त्यांना दिसतात नुसती माझी बोटं. सासूबाई म्हणतात, एक मुकी नि एक बहिरा, मैफल रंगलीय!"

काका हसले. बाईही हसल्या, पण मध्येच थांबल्या.

"बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, ऐकणं कमी होत चाललंय. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेलेच आहेत, उरलेलेही हळूहळू जातील. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून त्यांनी खणात टाकलंय. उरलंय तेवढ्यात माझं वाजवणं एकदा त्यांच्या कानावर पडावं. देवाजवळ दुसरं मागणं नाही माझं."

काकांनी बोटांवर मोजत सांगितलं, "घरच्या गाण्याच्या स्पीकरला हा डबा जोडू नका. गिटारचा फटका त्या नाजूक जिवाला सोसत नाही. एक तर हा घ्या, आतच अँप्लिफायर असलेला, सपाट आवाजाचा. ह्याला जे द्याल तेच बोलेल. नाहीतर गिटारचा स्पीकर आणि वर वेगळा छोटा अँप्लिफायर. पण तो स्वतःचा रंग मिसळतो."

बाईंनी पहिला नेला. मला त्याचा हेवा नाही वाटला. त्याचं व्रत कडक होतं, पदरचं काही घालायचं नाही. मला ते कधी जमलं नसतं.

आठ दिवसांनी बाई त्याला घेऊन परत आल्या.

"बाबा छान म्हणाले."

"मग झालं की!"

"कुठलं झालं? ते माझ्या पायाकडे बघत होते. पाय ठेका देईल तशी मान डोलवायची. मी मुद्दाम वाजवायचं थांबवलं नि पाय तसाच हलवत ठेवला. काका, ते तरीही छान म्हणाले."

बाईंनी डब्यात बसवलेला आवाज काकांनी लावून ऐकला. मीही फळीवरून ऐकला. फार सुंदर होता, दव पडावं तसा. पण त्यातलं निम्म्याहून अधिक मला म्हणता आलंच नसतं.

"ताई, सगळी नक्षी तुम्ही अगदी वरच्या सुरांत काढलीत. तिथवर त्यांचे कान पोचतच नाहीत."

असं म्हणून त्यांनी मला खाली काढलं, स्क्रू झटकले, फुंकर घातली. "ह्याला वरचं येतच नाही. ह्याच्यावर तुम्हाला जे ऐकू येईल ना, ते बहुतेक सगळं त्यांनाही ऐकू येईल."

छोटा अँप्लिफायर निवडताना त्यांनी माझ्या पाठीवरचा आकडा वाचला. "हा आठ ओहमचा, आणि हा अँप्लिफायर आठला चालतो. स्वभाव जुळतो दोघांचा. फक्त एकदम जोर करू नका. कागद आहे शेवटी."

मला खोकं नव्हतं. ते बाईंच्या घरी गेल्यावर सासऱ्यांनी केलं. त्यांचा जन्म सुतारकामात गेला होता. फळी निवडताना तिचं एक टोक ते गालाच्या हाडाला टेकवायचे आणि दुसऱ्या टोकावर टिचकी मारायचे.

"ही नको. ही गप्प आहे," ते मोठ्यानं म्हणत. "ही बोलेल."

"अहो, हळू बोला, शेजारी ऐकतायत!" सासूबाई.

"ऐकू देत. मला तरी कुठं ऐकू येतंय!"

चौथ्या दिवशी मी नव्या लाकडात बसलो. बाईंनी तारा जोडल्या, हातावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटले आणि गिटार छेडली.

माझ्या तोंडून जे निघालं, त्याची मला अजून लाज वाटते. गोधडीखालून कुणी हाक मारावी तसा आवाज. बाईंनी बटणं फिरवली, जोर वाढवला. आवाज मोठा झाला, मोकळा झाला नाही. सासरे शहाण्यासारखे म्हणाले, "छान."

बाईंचा चेहरा उतरला. वाटलं, संपलं आपलं. माझ्याच कागदात काही खोट असावी.

त्यांनी काकांना फोन लावला. काकांचा आवाज खोलीभर आला, "त्या डब्यात स्पीकरची नक्कल चालू असेल!"

"म्हणजे?"

"हेडफोनवर खरा स्पीकर नसतो, म्हणून डबा त्याची नक्कल करून देतो. आता समोर खरा स्पीकर आहे. नक्कल बंद करा. एका गाळणीतून गाळलेलं पुन्हा दुसऱ्या गाळणीत ओतताय तुम्ही!"

एक बटण दाबलं गेलं. बस, एवढंच.

आणि मला वाट मिळाली. मधले सूर, रुंद, उबदार, खोलीच्या भिंतींना हात लावत गेले. बाईंनी डब्यातले अँप्लिफायर एकामागून एक बदलले. लख्ख चकाकणारे बाजूला ठेवले. शेवटी एक ठेवला, जाड, जरा घोगरा, पहाटेच्या आवाजासारखा. मग त्या वाजवू लागल्या.

सासरे खिडकीकडे तोंड करून बसले होते. पाय त्यांना दिसत नव्हता. बोटंही दिसत नव्हती. मी माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं त्यांच्या पाठीशी नेऊन ठेवत होतो. ते हलले नाहीत. मान नाही, बोट नाही. सासूबाई दारात ओले हात घेऊन उभ्या. गत वाजवून संपली.

"बाबा?" बाईंनी हळूच विचारलं, मग मोठ्यानं, "बाबा, कसं वाटलं?"

ते वळले. कपाळाला आठ्या.

"मध्यावर दोनदा अडखळलीस. दोन्ही वेळा एकाच जागी."

बाई बघतच राहिल्या. मग गिटारवर डोकं टेकून हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले.

"चुकलं म्हटलं तर रडायचं काय त्यात?" सासरे गोंधळले. "पुन्हा वाजव. ती जागा हळू घे."

त्याला आता दीड वर्ष झालं. त्यांच्या कानातले आणखी काही सूर मावळलेत. बाई दर महिन्याला डब्यातला आवाज थोडा आणखी खालच्या सुरांत उतरवतात, मीही त्यांच्याबरोबर एकेक पायरी उतरतो. पुढं ऐकणं अगदी थांबलं, तर ते माझ्या लाकडावर तळहात ठेवून बसतील, असं सासूबाई म्हणतात. मला त्याची भीती वाटत नाही. देव कुठली ना कुठली वाट उघडी ठेवतो.

एक विनंती मात्र आहे. तुमच्या घरी कुणी सगळ्यालाच छान म्हणू लागलं असेल, तर त्यांच्याजवळ जरा बसा. त्यांच्यापर्यंत काय पोचतं, ते बघा.

बाईंनी गिटार हातात घेतली आहे. माझ्या तारेत धग आली. आता मी थांबतो, त्या बोलतील.