हलकेमहाराजांचा अंगठा

टिक्!

आत्याबाईंच्या दिवाणखान्यातल्या शांततेत एक बटण फरशीवर पडलं आणि घरंगळत गेलं. गल्लीभरची माणसं श्वास रोखून वजनकाट्याकडे बघत बसली होती. बटण आत्याबाईंच्या भाचेसुनेच्या, म्हणजे शिंपीणबाईच्याच ड्रेसचं. साऱ्या गल्लीचे कपडे बेतणाऱ्या बाईला हल्ली स्वतःचेच कपडे पुरत नव्हते.

"ऐकलंत?" काट्यामागे खुर्चीत बसलेले हलकेमहाराज गरजले. "दुःख फुटून बाहेर पडायला लागलं!"

महाराजांचं शास्त्र सोपं होतं. दुःखाला वजन असतं. ते गालांवर सुजतं, पोटात साचतं. महाराज मंत्र म्हणतात, दुःख उडतं आणि काटा मागे येतो. निवृत्त पोस्टमनकाकांचं तीन किलो दुःख सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उडालं होतं. तेव्हापासून काका तरंगत चालायचे. पँट तेवढी पूर्वीइतकीच घट्ट होत होती.

शिंपीणबाईला मात्र हसू येईना. कित्येक महिने तिला कशातच गोडी वाटत नव्हती. भर उकाड्यात स्वेटर, कंगव्यात केसांचे पुंजके. सकाळी उठायचं म्हणजे अंगावर पडलेलं कपाट बाजूला सारायचं. उगीचच रडू यायचं. त्यात महाराजांनी बजावलं होतं, "आज उतरलं नाही, तर पोरीला वर्षभर दुसरीकडे ठेवा. दुःख लेकराला चिकटतं." पोरीची पिशवी दाराशी भरून तयार होती. आपण बऱ्या नाही झालो तरी चालेल, पण ती पिशवी कुणी उचलू नये, एवढंच तिला वाटत होतं.

"चढ गं," आत्याबाईंनी ढोसलं.

ती चढली. काटा सर्रकन पुढे पळाला.

"अगं बाई, केवढं हे दुःख!" गल्ली हळहळली.

"हलकं हलकं, फुलकं फुलकं, फूः!" महाराजांनी डोळे मिटले.

इकडे पोर बटण शोधत त्यांच्या घोळदार झग्यापाशी रांगत पोचली होती. झगा उचलून ती ओरडली, "आई, महाराजांचा अंगठापण उदास आहे का? तोपण काट्यावर चढलाय!"

रखडलेला कोट मागायला आलेल्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई पुढे सरसावल्या. "महाराज, खुर्चीवर मांडी घाला बघू. हं, आता म्हणा मंत्र."

पाय वर जाताच काटा आपोआप मागे आला होता. मग घसा बसेपर्यंत फुलकं फुलकं झालं. काटा ढिम्म.

"म्हणजे माझं तीन किलो दुःख तुमच्या अंगठ्यात होतं होय?" पोस्टमनकाका उठले. महाराज तेवढे खरोखरच हलके निघाले. क्षणात जिन्याखाली!

डॉक्टरीणबाई शिंपीणबाईकडे वळल्या. "तुमचा आवाज हल्ली घोगरा येतो, कधीपासून? थंडी वाजते? मान वर करा. उद्या रक्त तपासू. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती सुस्तावली की सगळं शरीर रेंगाळतं आणि मनही त्याच्यामागे बसकण मारतं."

"मग पोरीला चिकटायचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"उदासी काय डिंक आहे? पोर आईजवळच राहू दे. आणि प्रत्येक उदासी थायरॉइडचीच असते असंही नाही हं. पण तपासल्याशिवाय कळणार कसं? दुसरं काही निघालं, तर त्यावरही इलाज आहेच."

थायरॉइडच निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. फूः म्हणताच काही झालं नाही. आठवडे गेले, तशी हळूहळू सकाळ सकाळसारखी वाटू लागली, मशीन पुन्हा खडखडू लागलं. तेव्हा मंडळी, कुणी तुमचं दुःख मोजायला बसला, तर आधी त्याचे पाय कुठे आहेत ते बघा, आणि मग सरळ दवाखाना गाठा.

एका संध्याकाळी पोरीला मांडीवर घेऊन शिंपीणबाई तेच बटण लावत होती. पोर हळूच म्हणाली, "आई, तेव्हा तू मला उचलून घ्यायचीच नाहीस. मी खूप जड होते का गं?"

तिने दातांनी दोरा तोडला, सुई खोचून ठेवली आणि पोरीला उचलून कडेवर घेतलं.