पालथा बाक आणि चढत्या रेघा

मित्रांनो, मी एक जुना, बुटका बाक आहे. चार पाय आहेत, पण चालता येत नाही. बोलायला तोंडही नव्हतं; आज देवाने ते तुमच्यासाठी दिलं आहे, तर माझे चार शब्द प्रेमाने ऐका.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी मोठ्या कपाटातून लाकूड उरलं, त्याचा मी झालो. सुतारबाबांनी पाय ठोकले, बैठक वेताने विणली, हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "चला, उरलंसुरलं कामी आलं." मला वाटतं, वर बसलेला तो जगाचा सुतारही असंच म्हणत असेल. त्याच्या दुकानात टाकाऊ काहीच नसतं.

माझ्यावर पहिल्यांदा बसली ती बाबांची मुलगी. बसली म्हणजे काय, टेकली आणि उठली! एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. जमिनीवर पडलेल्या भुश्शात ती बोटाने घरं काढायची. जिने, गच्च्या, गोल खिडक्या. मोठी झाल्यावर अशी घरं आखायला शिकायचं, हे तिचं ठरलेलं होतं. अडचण एकच होती. आठवीत तिने गणितात भोपळा आणला.

"बरं झालं," आत्या म्हणाली, "आजच्या भाजीचा प्रश्न मिटला."

बाबा मात्र रागावले नाहीत. दुकान बंद करायच्या वेळी त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या एका पायावर बारीक रेघ मारली. "हा तुझा निकाल. पुढच्या वर्षी जेवढे गुण, तेवढी वरची रेघ."

"आणि पुन्हा भोपळा आला तर?"

"तर बाकाचा पाय कापू. तुझं डोकं काही मला कापता येत नाही."

हसता हसता भिंगरी रडायला लागली. मग खरं काय ते बाहेर आलं. वर्गात तिला समजत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. बाबांनी तिला रंधा हातात दिला आणि गाठ असलेली एक फळी पुढे ठेवली. रंधा सरसर गेला आणि गाठीपाशी अडला.

"आता काय करायचं?" बाबांनी विचारलं.

"गाठ बघायची."

"हां! डोळे मिटून रेटलंस तर पातं जाईल. अडलं तिथे थांब. हात वर कर. विचार."

मित्रांनो, मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, कारण आमच्या आत्याला गाऊन सांगितलेल्या देवाच्या गोष्टींचं भारी वेड, आणि ऐकायला जाताना ती मला काखोटीला मारून न्यायची. पण याहून छोटं आणि नेमकं प्रवचन माझ्या कानी आलेलं नाही.

त्या दिवसापासून भिंगरी विचारू लागली. इतकं, की आत्या म्हणे, "मास्तर आता हिला बघून रस्ता बदलतात गं बाई!" नववीत ती काठावर पास झाली. दहावीत जरा बरी. अकरावीत चांगली. बारावीत तर असे गुण मिळाले, की बाबांनी रेघ मारताना पेन्सिलचं टोक मोडलं. माझी बैठक तोवर फाटली होती. भिंगरीने ती सुटीत स्वतः नव्याने विणली, आणि त्या विणण्यामुळेच माझं नशीब उघडलं.

झालं असं, की घरं आखायला शिकवणाऱ्या कॉलेजाने तिला मुलाखतीला बोलावलं आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली एक वस्तू आणायला सांगितलं. एक टोक बाबांनी धरलं, एक भिंगरीने, आणि माझी वरात निघाली. बाबा दाराबाहेर थांबले. मी आणि भिंगरी आत.

आत दोघं होती. केसांत पेन्सिल खोचलेल्या मोठ्या बाई, आणि कपाळाला कायमची आठी असलेले एक सर.

"विणकाम सुबक आहे," सर म्हणाले. "पण आम्ही आठवीपासूनची सरासरी धरतो. जागा उरली आहे एक. या सरासरीवर ती तुला कशी देऊ?"

भिंगरीचा चेहरा उतरला. तेवढ्यात बाई वाकल्या. "याच्या पायावर या रेघा कसल्या गं?"

"माझ्या निकालाच्या. बाबा मारतात. जितके गुण जास्त, तितकी रेघ वर."

सरांनी चष्मा सावरला. "सगळ्यात नवी कुठली?"

भिंगरीने बोट ठेवलं. अगदी जमिनीलगत.

"अगं, मग ही तर उतरण आहे!"

भिंगरी गोंधळली. मीही गोंधळलो. आणि एकाएकी ती खो खो हसत सुटली. मुलाखतीत! तिने मला उचललं आणि सरांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवरच, पालथं घातलं. "सर, दुकान झाडताना बाबा याला असाच टेबलावर ठेवतात. रेघ तेव्हाच मारतात. आमच्या घरी सगळ्यांनी हा पाय असाच वाचलाय!"

चारही पाय आभाळाकडे करून मी उभा होतो आणि रेघा पायरी पायरीने वर चढत होत्या. बाईंना हसू आवरेना. सरांची आठीसुद्धा क्षणभर हलली.

"बरं, चढलीस," ते म्हणाले. "पण पुढेही चढशील कशावरून? सांग, दगडाची कमान मधे खांब नसताना का पडत नाही?"

बाहेर बाबा खोकले.

"मला येत नाही, सर."

संपलं, असं मला वाटलं.

"पण मला समजून घ्यायचंय. तुम्ही सांगाल?"

सरांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी छताकडे. मग सर उठले, खडू घेतला आणि फळ्यावर दगड काढू लागले. "थांबा सर, इथे अडलं," भिंगरी म्हणाली. सरांनी पुसून पुन्हा काढलं. "अजून नाही समजलं." सरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. शेवटी ती फळ्याजवळ जाऊन उभी राहिली.

"म्हणजे दगड एकमेकांवर रेललेत, म्हणून कुणीच पडत नाही. पण मग सर, सगळा भार बाजूंना जाणार. टोकं बाहेर सरकतील की! ती कोण धरतं?"

सरांनी हातावरचा खडू झटकला.

"ते सोमवारी सांगतो. वर्गात."

"पण सोमवारी मी इथे कशी..."

"अगं वेडे," बाई म्हणाल्या, "वर्गात म्हणाले ते!"

मग काय सांगू तो आनंद! दार उघडलं, बाबांनी काही विचारायच्या आतच भिंगरीने त्यांच्या गळ्यात उडी मारली, आणि बापलेक हसत, रडत, एकमेकांना ढकलत जिना उतरून गेले. मला विसरून! टेबलावर, पालथा.

पण मला तिळभर वाईट वाटलं नाही. सोमवारी भिंगरी न्यायला आली, तेव्हा सरच म्हणाले, "राहू दे गं त्याला इथे." तेव्हापासून मी मुलाखतीच्या खोलीबाहेर असतो. आतून हाक येईपर्यंत मुलं माझ्यावर बसतात.

तर मित्रांनो, माझ्यावर पाय देऊन उभे राहू नका, वेत तुटतो. ओली छत्री ठेवू नका, लाकूड फुगतं. आणि आत गेल्यावर एखादी गोष्ट येत नसेल, तर मान खाली घालू नका, विचारा. विचारणाऱ्यासाठी देव स्वतः थोडा सरकतो आणि जागा करून देतो. बाकावर करतात ना, तशी.